आज गुड फ्रायडे, आणि आमच्या सेनेगलमधल्या डाकारच्या गल्लीत एनगालाख, म्हणजे बाजरी-शेंगदाण्याचा इथला गोड पदार्थ!

सकाळपासून समोरच्या काकूंकडे नुसती धांदल. त्या कॅथलिक, आज त्यांचा उपास, तरी काल रात्रीपासून पातेलं भरून एनगालाख चाललंय ते सगळं वाटण्यासाठी. मी मदतीला गेले तर मला गोरखचिंचेचा गर कोळायला बसवलं. पांढरा भुसभुशीत गर, पाण्यात भिजवून बिया हाताने चोळून काढायच्या आणि मग गाळायचं, वास आंबटगोड, बोटं चिकट. त्यात शेंगदाण्याची पेस्ट, साखर, जायफळ आणि वाफवलेल्या बाजरीच्या कण्या. बाजरी, शेंगदाणे, जायफळ... अहो हे तर आपल्याच घरातलं सामान! आणि गोरखचिंचेची झाडं आपल्याकडेही आहेत की, पण गर असा खाल्लेला मला तरी आठवत नाही.

दुपारनंतर वाटप सुरू. सेनेगलमध्ये ९० टक्क्यांहून जास्त लोक मुस्लिम, त्यामुळे बहुतेक डबे मुस्लिम घरांतच गेले, आणि लोक वाट बघत असतात हो, एका आजींनी तर स्वतःच भांडं पाठवलं. बकरी ईदला (इथे तबास्की म्हणतात) त्याच घरांतून काकूंकडे मटण येतं. मला हे बघून खरंच भरून आलं, आईची फार आठवण आली.

मलाही मोठा डबा मिळाला. आता रिकामा कसा परत द्यायचा, म्हणून रात्री शंकरपाळ्या तळल्या आणि भरून दिला. काकू म्हणाल्या, जेरेजेफ (इथल्या वोलोफ भाषेत धन्यवाद), पण खाणार उपास सुटल्यावर.