कलालाऊची वाट: ओढ्यापर्यंत गेलो, ओढ्यावरून परतलो

हवाईतल्या काउआई बेटाच्या उत्तरेला डांबरी रस्ता जिथे संपतो, तिथे केए बीचवरून कलालाऊची पायवाट सुरू होते. एकीकडे ‘ना पाली’ नावाच्या किनारपट्टीचे हिरवे कडे, दुसरीकडे खाली समुद्र. पूर्ण वाट जायची 11 मैल, म्हणजे जवळपास 18 किलोमीटर. आमचा बेत फक्त पहिल्या 2 मैलांचा, हानाकापीआईच्या किनाऱ्यापर्यंतचा.

खरी चढाई बुकिंगची. ही वाट जिथून सुरू होते ते हाएना स्टेट पार्क 2018च्या एप्रिलमधल्या पुरानंतर वर्षभराहून अधिक काळ बंद होतं. 2019च्या जूनमध्ये उघडलं ते दिवसाला 900 पर्यटकांची मर्यादा घालूनच. हवाईचे रहिवासी ओळखपत्र दाखवून आत जातात. आपल्याला आगाऊ आरक्षणाशिवाय प्रवेश नाही. ते 30 दिवस आधी, हवाईच्या मध्यरात्री खुलतं. भारतात तेव्हा दुपारचे साडेतीन. मी चहा घेऊन चारला बसलो, तोवर पार्किंग साफ! शेवटी शटल बस घेतली. एका अर्थी बरंच झालं, कारण शटलच्या तिकिटात पार्कचा प्रवेश धरलेला असतो. गाडीने जाणाऱ्यांनी पार्किंग आणि माणशी प्रवेश दोन्ही घेतलंय ना, ते तपासावं.

आणखी एक. हानाकापीआईच्या खोऱ्यापलीकडे, कलालाऊच्या दिशेने जायचं असेल, तर मुक्काम करणार नसलात तरी कॅम्पिंगचा परवाना लागतो. खोऱ्यात आत 2 मैलांवर धबधबा आहे, तिथे मात्र दिवसाच्या प्रवेशावर जाता येतं.

वाटेवर तांबडा चिखल. पहिल्या अर्ध्या तासात माझे पांढरे मोजे विटकरी झाले ते कायमचे. चांगल्या पकडीचे बूट आणि काठी हवीच. पाणी घरूनच न्या. ओढ्याचं पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये, लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) संसर्गाचा धोका असतो.

किनाऱ्यावर उतरायच्या आधी ओढा ओलांडावा लागतो. आम्ही पोचलो तेव्हा डोक्यावर लख्ख ऊन होतं, पण वर डोंगरात ढग दाटलेले. बायको म्हणाली, "अहो, तो चपटा दगड बघा, मघाशी कोरडा होता." आम्ही खाऊचा डबा उघडून बसलो आणि दगडावर नजर ठेवली. वीसेक मिनिटांत तो दिसेनासा झाला, पाणी गढूळलं. मला अजूनही वाटत होतं, दोन ढांगांचं तर काम आहे. तिने डबा बंद केला. या ओढ्याला अचानक लोंढा येतो, लोक पलीकडे अडकतात, वाहूनही गेलेत. समुद्रातही उतरायचं नाही. तिथल्या ओढीने अनेकांचे जीव घेतलेत.

पलीकडे एक जोडपं सॅका पाठीला लावून उभं होतं. मी हात केला, त्यांनीही केला, आणि मग दोघं निमूट एका खडकावर बसले, पाणी उतरायची वाट बघत. आम्ही परतीची शटल गाठली. किनारा लांबूनच पाहिला.