शाळेच्या लॅबमधलं नेटवर्क सेटिंग

आज पुण्यात एका शाळेच्या लॅबमध्ये प्रिंटर मध्येच गप्प व्हायचा. कारण साधं: एका मशीनवर कुणीतरी हाताने टाकलेला आयपी (नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता) नेमका प्रिंटरचाच होता.

अशा ठिकाणी पहिलं काम म्हणजे मुलांचं लॉगिन 'स्टँडर्ड' करणं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड नसेल तर आयपी बदलताच येत नाही. अर्धी डोकेदुखी इथेच संपते, तरी बहुतेक लॅबमध्ये सगळे अ‍ॅडमिन म्हणूनच बसलेले दिसतात!

पण प्रॉक्सी (इंटरनेट कोणत्या मधल्या सर्व्हरमार्गे जाईल ते सेटिंग) मात्र स्टँडर्ड यूजरलाही बदलता येते, कारण ती प्रत्येक यूजरची वेगळी असते. ती अडवायला ग्रुप पॉलिसी, म्हणजे विंडोजमधली बंधनं घालायची सोय, लागते. थेट जीपीएडिट (तिचा एडिटर) उघडून यूजर विभागात बंधनं घातलीत तर ती अ‍ॅडमिनलाही लागतात आणि सरच अडकतात. म्हणून एमएमसी (विंडोजचा मॅनेजमेंट कन्सोल) उघडा, त्यात ग्रुप पॉलिसीचं स्नॅप-इन (जोडायचा भाग) घ्या, ब्राउझ करून यूजर्स टॅबमध्ये 'नॉन-अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' निवडा. मग यूजर विभागातल्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्समध्ये विंडोज कंपोनंट्स, इंटरनेट एक्सप्लोरर, तिथे प्रॉक्सी बदलण्यास मनाई करणारी पॉलिसी 'एनेबल्ड' करा. इंटरनेट एक्सप्लोरर हे नाव जुनं असलं तरी विंडोजच्या प्रॉक्सीलाही हीच पॉलिसी लागते. मुलांच्या लॉगिनने तपासल्याशिवाय उठू नका.

विंडोज होममध्ये ग्रुप पॉलिसी एडिटर मिळत नाही, त्यामुळे खरेदीच्या वेळीच प्रो मागा. बायोसला (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगला) पासवर्ड लावा आणि पेनड्राइव्हवरून बूट बंद ठेवा, नाहीतर वरचं सगळं वाया. वेबसाइटचं फिल्टर राउटरवरच हवं.