यादीत डिस्कच नव्हती

इंदूरला भंवरकुआंच्या एका कोचिंगने परीक्षेच्या लॅबसाठी नवे लॅपटॉप घेतले होते. पेनड्राइव्ह लावला की विंडोज आपोआप चढावं, मधे कुणी काही विचारू नये, अशी उत्तरफाइल, म्हणजे सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली फाइल, मी करून नेली होती. डिस्क पुसण्याची ओळ तेवढी मुद्दाम ठेवली नव्हती. नवा लॉट असला की मी आधी डिस्कची यादी पाहतो, मगच ती ओळ घालतो.

सेटअप म्हणाला, ड्राइव्हच सापडत नाही. शिफ्ट एफ१० दाबून कमांडची काळी खिडकी उघडली, डिस्क हाताळणाऱ्या डिस्कपार्टमध्ये ‘लिस्ट डिस्क’ दिलं. एकच ओळ आली: डिस्क ०, २९ जीबी. म्हणजे माझाच पेनड्राइव्ह! पुसण्याची ओळ असती तर तोच पुसला जाऊ शकला असता. पोटात गोळा आला.

लॅब सांभाळणारे काका रामबागेतले. म्हणाले, “अरे, बायोसमध्ये जाऊन ते व्हीएमडी बंद करून टाक ना.” बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्राम, आणि व्हीएमडी म्हणजे डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय. ती बंद केली तरी चालतं तसं. पण उद्या कुणी बायोस मूळ सेटिंगवर आणलं की व्हीएमडी परत चालू, आणि विंडोजऐवजी निळा स्क्रीन. ऐन परीक्षेच्या सकाळी पोरांवर ती वेळ येऊ द्यायची नव्हती. म्हटलं, “काका, दुपारपर्यंत वेळ द्या मला.”

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) या व्हीएमडीच्या मागे असते, आणि आमच्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नव्हता. इंटेलचं पॅकेज ईएक्सई असतं, त्यातून ड्रायव्हरची आयएनएफ फाइल वेगळी काढली. दुसऱ्या पेनड्राइव्हवरून ती ‘ड्रव्हलोड’ कमांडने चढवली, डिस्कपार्टला ‘रीस्कॅन’ सांगितलं, आणि ४७६ जीबीची डिस्क समोर आली. ड्रायव्हर हाच, याची खात्री पटली.

मग विंडोजच्या इमेजमध्ये ड्रायव्हर घालणाऱ्या डिसमचं काम. पेनड्राइव्हवरच्या बूट डॉट विम या फाइलमध्ये दोन इमेज असतात. सेटअप दुसरीतून चालतो, म्हणून ड्रायव्हर तिथे हवाच. जे विंडोज लॅपटॉपवर चढतं, त्या इन्स्टॉल डॉट विममध्येही तो घातला, नाहीतर पहिल्याच रीस्टार्टला घोडं अडू शकतं. आणि तिच्याच पोटातल्या विनआरईमध्येही, म्हणजे विंडोजच्या रिकव्हरीच्या इमेजमध्येही. ही तिसरी जागा बरेच जण सोडून देतात, मग पुढे दुरुस्तीची वेळ आली की रिकव्हरीलाच डिस्क दिसत नाही. प्रत्येक इमेज बंद करताना बदल जतन करणारं ‘कमिट’ द्यायचं, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

नव्या पेनड्राइव्हने लॅपटॉप सुरू करून यादी पुन्हा पाहिली. डिस्क ० आता ४७६ जीबीची होती. तेव्हाच पुसण्याची ओळ घातली. संध्याकाळी काका स्वतःच एकेका लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावत रांगेतून पुढे सरकत होते. बायोस उघडायची गरज कुणालाच पडली नाही.