तुम्ही विचारलंत म्हणून: झाडपाल्याने गंज थांबतो का?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत प्लेटिंगचं, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याचं काम करतो म्हटलं की हल्ली हमखास विचारणा होते: पाल्याच्या अर्काने गंज थांबतो म्हणे, मग तुम्ही अजून केमिकल का वापरता?

थांबतो, पण कुठे ते बघायला हवं. गेटला कडुलिंबाचा रस फासून बेळगावचा पावसाळा निघणार नाही, तिथे रंगच हवा. अर्काची खरी जागा ॲसिडच्या टाकीत. जस्त चढवण्याआधी जॉब (कामाला आलेली लोखंडी वस्तू) हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवून गंज काढतात. गंज गेला की ॲसिड खालचं चांगलं लोखंडही खाऊ लागतं. त्यातून हायड्रोजन निघतो, थोडा पोलादात शिरतो आणि कडक बोल्ट, स्प्रिंगा पुढे लोडखाली अचानक तुटतात. म्हणून टाकीत इनहिबिटर, म्हणजे ॲसिडला चांगलं लोखंड खाऊ न देणारं द्रव्य घालतात. नेहमीच्या इनहिबिटरांत प्रोपार्जिल अल्कोहोलसारखी विषारी द्रव्यं असतात, आणि टाकीवर दिवसभर वाकलेला माणूस आपलाच असतो. मला या विषयाची ओढ लागली ती त्याच्यामुळे.

शेडमध्ये दोन ग्लासांत सौम्य ॲसिड घ्या, एकात डाळिंबाच्या सालीचा काढा घाला आणि दोन्हीत घासलेला खिळा सोडा. नुसत्या ॲसिडातल्या खिळ्यावरून बुडबुड्यांची माळ वर जात राहते. काढ्यातल्या खिळ्यावर तुरळक बुडबुडे, तेही रेंगाळणारे. सालीतली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, धातूला चिकटून ॲसिडची वाट अडवतात. मेंदी, मिरी, चहा, आपल्या निपाणीत पिकतो तो तंबाखू, सगळ्यांवर असे प्रयोग झालेत. मात्र निकोटिन स्वतःच विषारी; वनस्पतीचं म्हणून निर्धोक, असं मी कधीच म्हणणार नाही.

अडतं ते रोजच्या कामात. काढा आंबतो, बुरशी धरतो. चैत्रातला पाला आणि श्रावणातला पाला सारखा उतरत नाही. ॲसिड तापलं की चिकटलेला थर बरेचदा सुटतो. जॉब नीट धुतला नाही तर अर्क पुढे झिंकच्या टाकीत जातो, प्लेटिंग काळवंडतं, फोड येतात. चकाकीसाठी थेट प्लेटिंगच्या टाकीत अर्क घालण्याचेही प्रयोग चालू आहेत, पण ती टाकी फार नाजूक. तिथे मी घाई करणार नाही.

कॉलेजची मुलं नव्वद टक्के बचावाचे आकडे दाखवतात, ते गुळगुळीत घासलेल्या पट्टीवरचे, काही तासांचे. मुलांनो, अर्काची वाळलेली पूड करा, दर वेळी टॅनिन मोजा आणि खरा गंजलेला जॉब घेऊन या. एक छोटी टाकी मी मोकळी करून देतो.