ग्लायसीनच्या जागी सेरीन

जांबोटीकडच्या एका गावातून पहिल्या बसनं ती आली होती. कडेवर चार वर्षांचा मुलगा, त्याच्या मांडीला प्लास्टर, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात निळसर झाक. सोबत सासू. खुर्चीत टेकायच्या आतच पोराची आई म्हणाली, "मी खायला घालत न्हाई म्हणून हाडं मोडतात म्हणतात ओ सगळी. नाचण्याची आंबील रोज देतो मॅडम."

बेळगावात मी जनुकीय समुपदेशन करते. रिपोर्टमध्ये कामाची ओळ एकच होती: सीओएल१ए१ जनुकात बदल, त्यामुळं कोलॅजन या हाडांना बळकटी देणाऱ्या प्रथिनात ग्लायसीन या अमिनो आम्लाच्या एका जागी सेरीन हे दुसरं अमिनो आम्ल. ती नुसती वाचून दाखवली असती तर सासूबाईंचं मत तसूभरही हललं नसतं. मी संगणकावर कोलॅजनची त्रिमितीय रचना उघडली आणि स्क्रीन दोघींकडे वळवली.

तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या. सासूबाई लगेच म्हणाल्या, "दाव्याचे पेड हाईत की!" अगदी तसंच. प्रत्येक पेडात दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसीन, आणि त्याचं तोंड नेहमी आत, जिथं पेड सर्वांत घट्ट बसतात. तिथं जागा एका हायड्रोजन अणूपुरतीच, आणि ग्लायसीनकडे बाजूला असतो तो नेमका एक हायड्रोजन. क्ष-किरणांच्या चित्रांवरून ही तिपेडी रचना मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये मांडली. हातात एवढी तुटपुंजी साधनं असताना त्यांना हे दिसलं कसं, याचं मला अजून नवल वाटतं.

स्क्रीनवर होती ती १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेली, १.९ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) इतक्या बारकाव्याची रचना. कोलॅजनसारख्या छोट्या साखळीत मधल्या एका ग्लायसीनऐवजी मुद्दाम अॅलनीन हे अमिनो आम्ल घातलेलं. अॅलनीन जरासंच मोठं, तरी तेवढ्या भागात पीळ सैल पडलाय. पेडांना थेट धरून ठेवणारे हायड्रोजन बंध तुटलेत आणि मध्ये पाण्याचे रेणू शिरलेत. ती जागा मोठी करून मी दोघींना दाखवली. सेरीन तर अॅलनीनपेक्षाही मोठं. अशा जागी पेड वळायचे रखडतात, तोवर त्यांवर नको तेवढी साखर चिकटते. हाडातलं कॅल्शियम याच कोलॅजनवर बसतं. तेच कच्चं, मग आंबील कितीही पाजा.

"म्हंजे माझ्या हातनं काय चुकलं न्हाई?"

"काहीच नाही," मी सासूबाईंकडे बघत सांगितलं. आईवडिलांच्या रक्तात हा बदल सापडलेला नव्हता. तो बहुधा पोरातच नव्यानं झालेला.

सासूबाई बराच वेळ स्क्रीन बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्यो पेड बदलता येतोय काय?"

येत नाही. पॅमिड्रोनेट या औषधाच्या सलाईननं हाडांची झीज मंदावते, मोडणं कमी होऊ शकतं, पण पेड तसाच राहतो. आईला पुढच्या बाळाची काळजी होती. धोका कमी आहे, शून्य नाही, कारण आईच्या किंवा वडिलांच्या काही बीजपेशींत हा बदल लपलेला असू शकतो. दिवस राहिले की लगेच या, गर्भाची तपासणी करता येते, असं सांगून मी सलाईनची तारीख लिहून दिली.