रिकव्हरीतला ‘परत’ कुठे गेला?

बेळगाव, चिकोडी, निपाणी या आमच्या पट्ट्यात ‘रिकव्हरी’ हा शब्द तीन ठिकाणी हमखास ऐकू येतो. दवाखान्यात ऑपरेशन झालेल्या माणसाची रिकव्हरी विचारली जाते, सोसायटीत थकलेल्या कर्जाच्या रिकव्हरीवर बैठका होतात आणि उसाचा हंगाम लागला की चहाच्या टपरीवर ‘औंदा रिकव्हरी किती?’ एवढाच प्रश्न पुरतो. घोटाळा मात्र कुणाचाच होत नाही, कारण क्रियापदे आपण नेमकी निवडलेली आहेत: आजाऱ्याची रिकव्हरी होते, कर्जाची करतात आणि उसाची मिळते. शब्द उसना असला तरी ही विभागणी मराठीने स्वतःची केली आहे.

मूळ लॅटिन क्रियापद ‘रेकुपेरारे’, म्हणजे गेलेले परत मिळवणे. प्राचीन रोममध्ये ‘रेकुपेरातोरेस’ नावाचे पंच असत आणि रोमन व परकीय यांच्यातील मालमत्तेचे दावे त्यांच्यापुढे चालत. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या न्यायालयांवर फ्रेंचचा पगडा बसला होता, त्यामुळे चौदाव्या शतकात गेलेली प्रकृती परत येणे आणि गेलेली मालमत्ता निकालाने परत मिळणे हे दोन्ही अर्थ इंग्रजीत शेजारी नांदत होते. आपल्याला दवाखाना आणि वसुली ही दोन टोके वाटतात. मुळात ती एकाच घरातली आहेत. (झाकणे या अर्थाच्या ‘कव्हर’शी मात्र या शब्दाचे नाते नाही, उच्चारातले साम्य फसवे आहे.)

मला खरा रस आहे तो यातला ‘परत’ कसा गळून पडला यात. त्याची सुरुवात वकिलांनी केली. इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या घराण्याला बांधलेली जमीन विकता येत नसे. तेव्हा घेणारा आणि देणारा संगनमताने एक लुटुपुटीचा दावा उभा करत. जमीन आपलीच होती असे घेणारा म्हणे, समोरची बाजू ठरल्याप्रमाणे हजर राहत नसे आणि न्यायालय जमीन त्याच्या पदरात टाके. या व्यवहाराला ‘कॉमन रिकव्हरी’ म्हणत आणि 1833 च्या कायद्याने तो बंद होईपर्यंत कित्येकांनी कधीच आपली नसलेली जमीन अशी ‘परत’ मिळवली. सगळ्यांना ठाऊक असलेले नाटक शतकानुशतके गंभीर चेहऱ्याने चालू ठेवण्याचे हे कसब आपल्या कोर्टकचेऱ्यांनाही अनोळखी नाही.

साखरेच्या रिकव्हरीतही ‘परत’ नाही. शंभर किलो उसातून किती किलो साखर पोत्यात पडली, एवढाच तो आकडा. खनिजातून धातू काढणारेही हाच शब्द वापरतात. साखर उसातच होती, कुणाची हरवली नव्हती. तरी शब्द चिकटला आणि आमच्याकडे त्याच्यावर घरखर्च ठरतो. 2024-25 च्या हंगामात केंद्राने 10.25 टक्के रिकव्हरीला क्विंटलमागे 340 रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, ठरवली होती आणि वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.32 रुपये. म्हणजे त्या हंगामात रिकव्हरी अर्ध्या टक्क्याने चढली की टनामागे 166 रुपये वाढत. थंडी चांगली पडली तर साखर भरते. तोडलेला ऊस गाडीतच वाळत राहिला तर उतरते. शिवाय हा आकडा कारखान्याच्या सरासरीचा असतो, एकेका फडाचा नव्हे. ट्रॉली काट्यावर चढली की वजन शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसते, रिकव्हरी दिसत नाही. ती प्रयोगशाळेत आणि वहीत ठरते. ‘काटा मारला’ या तक्रारीपेक्षा ‘रिकव्हरी कमी दाखवली’ ही तक्रार सिद्ध करणे म्हणूनच अवघड जाते.

यासाठी मराठीत ‘उतारा’ हा शब्द आहे आणि तो मला रिकव्हरीहून सरस वाटतो, कारण त्यात परत येण्याचा खोटा दावा नाही. गंमत अशी की दुखण्यालाही आपण ‘उतार पडला’ म्हणतो आणि सोसायटीत कर्जाला गेले की जमिनीचा उतारा मागतात. म्हणजे इंग्रजीची तिन्ही ठिकाणे आपल्या एका धातूने गाठली आहेत. फक्त कर्ज देताना उतारा लागतो आणि फेडून घेताना वसुली. हा ‘वसूल’ अरबीतून आलेला. त्याचा मूळ अर्थ पोहोचणे असा आहे, परत येणे असा नाही.

ऊसबिलाच्या वेळी हे सारे एकाच हिशेबात येते. कारखान्याच्या रिकव्हरीवरून टनाचा दर ठरतो आणि त्याच बिलातून सोसायटीची रिकव्हरी कापून घेतली जाते. पहिली जास्त असावी आणि दुसरी पुढच्या बिलावर जावी, एवढीच बिल घेणाऱ्याची अपेक्षा असते.