मॅगीचा पाला

जर्मनीत श्टुटगार्टला आमच्या घरामागे हातभर बाग आहे आणि तिच्या कोपऱ्यात माझ्यापेक्षा उंच झालेलं एक झाड. म्हणजे झाड नाहीच ते, लाकूड कुठे असतं त्याला, सगळे पोकळ दांडे, पण दोन मीटर वाढल्यावर रोप म्हणायला जीभ रेटत नाही. नाव लीबश्ट्योकेल, इंग्रजीत लव्हेज. मूळचं इराण-अफगाणिस्तानकडच्या डोंगरांतलं. इथले लोक सरळ माग्गीक्राउट म्हणतात, मॅगीचा पाला, आणि पान चुरडलं की खरंच तो वास, नूडल्सचा नव्हे हां, इथे सूपात थेंब टाकायची ती तपकिरी बाटली असते ना, तिचा. गंमत म्हणजे युलियुस मॅगीने 1886 मध्ये काढलेल्या त्या सॉसमध्ये हा पाला नसतोच! बाटलीवरून पाल्याला नाव पडलं.

पहिल्या वर्षी मी कोथिंबिरीच्या हिशोबाने मूठभर चिरून आमटीत घातला. नवरा पहिल्या घासाला म्हणाला, "सूपचं पाकीट फोडलंस का?" ती आमटी कोणी संपवली नाही. आता चार माणसांच्या पातेल्याला एक पान, बास. बटाट्याच्या रश्शात मात्र एक नंबर लागतो. बी पण वाळवून ठेवते, ओव्यासारखं वापरतात म्हणे, पण ओवा तो ओवाच.

आणि त्या डिसेंबरात सगळं काळं पडून आडवं झालं, गेलं म्हणून मी कुदळ घेऊन उपटायला निघाले तर शेजारच्या आजी कुंपणावरून "नाइन, नाइन!" म्हणजे नको, नको करत ओरडल्या. मार्चमध्ये बघते तर मातीतून लालसर जाड कोंब, पानं अजून चुरगळलेल्या कागदासारखी.

गेल्या मे मध्ये आई आली होती. तिने पान चोळलं, बोटं नाकाशी नेली आणि म्हणाली, "मेथ्या गं." मी हसले. नंतर शोधलं तर मेथीदाण्यात आणि यात सोटोलॉन नावाचं एकच द्रव्य, वास त्याचाच. आईला सांगितलं तर म्हणे, "मग मी काय वेगळं सांगत होते?"

जाताना मुळाचा तुकडा पुण्याला न्यायचा हट्ट. म्हटलं अगं त्याला हिवाळाभर चांगलं गारठून झोपायला लागतं.

"फ्रीजमध्ये ठेवीन की, भाजीच्या कप्प्यात."